आधी पेडल बघा, मग पाना उचला

नमस्कार मंडळी. आज इथे पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या बघूनच बरं वाटलं, महिंद्राच्या मेजर आहेत, एमएम ५४० आहेत, मारुतीच्या दोन-तीन जिप्सी आहेत, आणि एक सीजे जीप तर इतकी छान ठेवलीय की मी तिच्याभोवती दोन चकरा मारून आलो. आपल्या नाशिक जिल्ह्यात या गाड्या शोपीस नाहीत, दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत अजून द्राक्षाचे क्रेट वाहतात, पावसाळ्यात त्र्यंबक-हरसूलकडे चिखलात उतरतात, आणि सुट्टीच्या दिवशी कसारा घाट उतरून जातात. म्हणून ब्रेकवर बोलायचं ठरवलं. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, ब्रेक गेला तर थांबत नाही, एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

या गाड्यांचे ब्रेक घरी करता येतात, आणि नीट करता येतात. अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपची जुळवणी महिंद्राने मुंबईत माझगावला १९४९ साली सुरू केली, आणि ते मूळ डिझाइनच दुसऱ्या महायुद्धातल्या लष्कराच्या गाडीचं, म्हणजे जिथे गॅरेज नाही तिथे सैनिकाने साध्या पान्यांनी उघडून दुरुस्त करावी म्हणून बनवलेलं. चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा आणि त्याला आतून दाबणारे दोन शू. चारही हायड्रॉलिक, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारे, आणि मध्ये एक मास्टर सिलिंडर, पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलणारा. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. जिप्सीला पुढे डिस्क, म्हणजे चकती, आणि मागे ड्रम आहे, पण तत्त्व तेच.

आता बहुतेक लोक काय करतात, ब्रेक लागत नाही म्हटलं की सरळ लायनर, म्हणजे शूवरचं घर्षणाचं अस्तर, बदलायला निघतात. लायनर बदलले, पैसे गेले, दोष तिथेच. माझं म्हणणं एवढंच आहे की पाना हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं सीटवर बसा आणि नुसतं पेडल दाबून बघा, पायाला जे कळतं ते खोलून बघूनही पटकन कळत नाही.

एकदा दाबलं तर पेडल खाली जातंय पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वर येऊन कडक होतंय, तर बहुतेक वेळा शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, अॅडजस्टमेंट मागतंय. पेडल मऊ लागतंय, दाबत गेलं तर लवचिक वाटतं, तर लाइनमध्ये हवा आहे. पेडल कडक आहे पण पाय तसाच दाबून धरला की हळूहळू खाली सरकतंय, आणि बाहेर कुठे गळती दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलंय, तेल आतल्या आत मागे निसटतंय. गाडी एका बाजूला ओढते, तर एका चाकात तेल उतरलंय किंवा व्हील सिलिंडरचा, म्हणजे शू ढकलणाऱ्या चाकातल्या छोट्या सिलिंडरचा, पिस्टन गंजून अडकलाय. ही लक्षणं प्रत्येक जुन्या गाडीला लागू पडतात.

ब्रेक जाम होण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण यात लोक सगळ्यात जास्त फसतात. गाडी थंड असताना ठीक चालते, दहा-बारा किलोमीटर गेलं की चाकं धरायला लागतात, ड्रम तापतात, उतारावर सोडली तरी गडगडत नाही. चारही चाकं धरत असतील तर चाकाकडे जाऊच नका, पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, बघा. मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या अगदी पुढे एक बारीक भोक असतं, पाय काढला की तापून फुगलेलं तेल त्या भोकातून वरच्या टाकीत परत जातं. पेडलला प्ले नसेल, म्हणजे रॉड पिस्टनला सतत थोडा दाबून ठेवत असेल, तर ते भोक झाकलेलं राहतं आणि तेल लाइनमध्ये अडकून पडतं. जुन्या जीपला पेडलवर साधारण अर्धा इंच मोकळी चाल लागते. तपासायचं कसं, टाकीचं झाकण काढा, कुणालातरी पेडल अगदी हलकं दाबायला सांगा आणि आत डोकवा, पण चेहरा जरा लांब ठेवा कारण तेल डोळ्यात गेलं तर वाईट. पेडल हलल्याबरोबर तेलाच्या पृष्ठभागावर बारीकसं कारंजं उडालं पाहिजे. उडालं म्हणजे भोक मोकळं आहे. नाही उडालं तर आधी रॉड सैल करा, तरी नाही तर भोक कचऱ्याने बुजलंय.

आणि एकच चाक जाम असेल तर? ते चाक जॅकने उचला, गाडी घोडीवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर, टेकवा आणि निपल, म्हणजे चाकामागचा हवा काढायचा स्क्रू, जरासा ढिला करा. तेल दाबाने उडालं आणि चाक मोकळं झालं, तर तेल मागे जाता येत नव्हतं. बऱ्याचदा रबरी होज, म्हणजे लवचिक नळी, आतून सुजलेला असतो, बाहेरून नवाकोरा दिसतो, पण पायाच्या जोराने तेल पुढे ढकललं जातं आणि परत यायला वाट राहत नाही. मागे बऱ्याच जीपला दोन्ही चाकांना मिळून एकच होज असतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकदम धरली तर तोच होज बघा. निपल ढिला करूनही चाक मोकळं झालं नाही तर मग शू, स्प्रिंग, पिस्टन.

आता खोलायचं. सपाट जागा, विरुद्ध चाकांना पुढून-मागून दगड, आणि गाडी घोडीवर. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही खाली हात घालू नका, हे मी विनंती म्हणून सांगत नाहीये. ड्रम निघत नसेल तर आधी अॅडजस्टर, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर कमीजास्त करणारा भाग, मागे घ्या, कारण ड्रमच्या आत कडेला झिजून ओठ तयार झालेला असतो आणि शू त्यात अडकतात. काही जुन्या मॉडेलला मागचा ड्रम हबसकट टेपर, म्हणजे निमुळत्या, एक्सलवर बसतो, तिथे ओढून काढायचा पुलरच लागतो, हातोडीने ठोकाल तर बेअरिंगचं नुकसान कराल.

ड्रम निघाला की आतली धूळ हवेने उडवू नका. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरची नळी लावून फुर्रकन उडवतात ना, ते फार वाईट आहे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याचे तंतू फुप्फुसात बसले की निघत नाहीत. पाणी मारून ओलं करा, फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मास्क लावा. मुलांना जवळ उभं करू नका.

मग मोबाईलवर फोटो काढा आणि एका वेळी एकाच बाजूचं चाक उघडा, दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्या. पुढचा शू आणि मागचा शू एकसारखे दिसले तरी कित्येक गाड्यांत लायनरची लांबी वेगळी असते आणि अदलाबदल झाली की ब्रेक कमजोर होतो. बदलायचं मात्र दोन्ही बाजूंचं, एकाच चाकाचे लायनर नवे टाकलेत तर गाडी ओढणारच.

व्हील सिलिंडरच्या टोकाला रबरी टोपी असते, तिची कड नखाने हळूच उचला. आत कोरडं असेल तर छान. तेलाचा थेंब ओघळला तर रबर गेलं. पिस्टन काढून सिलिंडरच्या आतून बोट फिरवा, गुळगुळीत असेल तर रबरांचं नवीन किट टाकून चालतं, पण नखाला खड्डा लागला तर घासून-बिसून वेळ घालवू नका, सिलिंडरच नवा घ्या, त्या खड्ड्यात नवं रबर महिनाभरात फाटेल. लायनरला तेल किंवा एक्सलचं ग्रीस लागलं असेल तर पेट्रोलने धुऊन, जाळून परत वापरणारे लोक मी बघितलेत. करू नका. तेल लायनरच्या आत मुरलेलं असतं, तापलं की परत वर येतं. आणि एक्सलच्या ऑइल सीलमुळे तेल आलं असेल तर आधी सील बदला. ड्रमला खोल चरे असतील तर अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत लेथवर टर्निंग करून, म्हणजे आतून तासून, मिळतं, पण ड्रमवर किंवा मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त माप दिलेलं असतं, त्याच्या पुढे गेला तर ड्रम पातळ होतो, तापतो, तडकतो.

रबरी पार्ट पेट्रोल-डिझेलने धुवायचे नाहीत, बसवताना ग्रीस लावायचं नाही, फक्त स्वच्छ ब्रेक ऑइल. इंजिन ऑइलचा थेंबही त्या टाकीत गेला तर सगळी रबरं फुगतात आणि मास्टरपासून चारही चाकांपर्यंत सगळं बदलावं लागतं.

ब्रेक ऑइलबद्दल आपल्याकडे फार दुर्लक्ष आहे. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि इगतपुरीच्या पावसात तर काय विचारू नका. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती. नवीन डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी शिरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. आता कसारा घाटाचा हिशोब करा. दीड टन गाडी ३०० मीटर खाली उतरते म्हणजे साधारण ४४ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी, एवढ्या ऊर्जेत १४ लिटर गार पाणी उकळीला येतं. तुम्ही न्यूट्रलवर आणि ब्रेकवर उतरलात तर ती बरीचशी त्या चार ड्रममध्ये जाते. ड्रमचा ताप व्हील सिलिंडरला, तिथून तेलाला. जुन्या तेलातलं पाणी वाफ होतं, वाफ दाबली जाते, पेडल पायाखालच्या फळीला टेकतं. म्हणून तेल दर दोन वर्षांनी बदला आणि घाट गिअरमध्ये उतरा.

जुन्या जीपला मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली असतो. झाकण उघडायच्या आधी आजूबाजूची माती ब्रशने झाडून, ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर मळ्यातली सगळी धूळ तेलात पडते आणि मघाशी सांगितलेलं ते बारीक भोक बुजतं. एअर काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या जीपला मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं, पेडलवर एक माणूस. तो ‘दाबलं’ म्हणाला की तुम्ही निपल उघडायचा, तो पाय तसाच ठेवणार, तुम्ही बंद करून ‘सोड’ म्हटल्याशिवाय पाय काढायचा नाही. इंजेक्शनच्या सिरिंजसारखं आहे, टोक उघडं असताना दट्ट्या मागे ओढला तर हवा आत येणारच. आणि जुना मास्टर असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पिस्टन रोज जेवढा सरकतो त्याच्या पुढचा भाग गंजलेला असतो, पेडल पूर्ण फळीपर्यंत दाबलं तर रबर त्या गंजावर घासून फाटतं, आणि एअर काढल्यावर नवाच दोष सुरू होतो. अंगणात सांडलेलं तेल रंगावर उडालं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून काढतं ते.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. एक चाक गळतंय तर त्याचा पाईप पक्कडीने चेपून बंद करतात आणि गाडी ‘चालवून घ्या’ म्हणून देतात. मंडळी, जुन्या जीपला सिंगल सर्किट आहे, कुठेही एक पाईप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. त्यात तीन चाकांचे ब्रेक, गाडी ओढणार, आणि समोरून शाळेची व्हॅन. ब्रेकचा पाईप स्टीलचा, दुहेरी फ्लेअर मारलेलाच, म्हणजे टोक दुहेरी दुमडून पसरवलेलाच घ्या. एसीची किंवा गॅसची साधी तांब्याची नळी बसवू नका, ती धक्क्यांनी आणि हलण्याने तडकते. पाईप फ्लेअर करायचं टूल नसेल आणि कधी केलं नसेल, तर एवढं एक काम जाणकाराकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

कुणीतरी मघाशी चिठ्ठी पाठवलीय, नदीतून गाडी काढल्यावर ब्रेक लागत नाही, काय करायचं. ड्रममध्ये पाणी शिरतं आणि लवकर निघत नाही. पाण्यातून बाहेर आलं की लो गिअरमध्ये थोडं अंतर, मागेपुढे कुणी नसताना, पेडलवर अगदी हलका पाय ठेवून चालवा, घर्षणाने पाणी सुकतं. मग एकदा थांबवून बघा. पण चिखलाचं पाणी असेल तर घरी आल्यावर ड्रम उघडून धुवाच, कारण आतली रेती लायनर आणि ड्रम दोन्ही खाते.

काम झाल्यावर रस्त्यावर धावायची घाई नको. आधी उभ्या गाडीत पेडल जोरात मिनिटभर दाबून धरा, खाली सरकलं तर मास्टर बघा, चाकं-पाईप आतून बाहेरून तपासा. मग मोकळ्या मैदानात चालायच्या वेगाने, मग २०, मग ३०, दर वेळी सरळ थांबते का बघा. दहा मिनिटांनी चारही ड्रमजवळ हात न्या, एक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथला शू ताणलाय, अॅडजस्टर थोडासा मागे घ्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायरची आतली बाजू टॉर्च लावून बघा, तिथे ओल दिसली तर गाडी हलवू नका, त्या चाकाचं परत उघडा.