आईवडील छावणीत, मुलं आघाडीवर

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून लढलेल्या जपानी वंशाच्या सैनिकांविषयी.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्या फेब्रुवारीत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका हुकमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांची उचलबांगडी सुरू झाली. सुमारे १,२०,००० माणसं छावण्यांत गेली. त्यातले दोन-तृतीयांश तर जन्माने अमेरिकन. सोबत उचलता येईल तेवढंच सामान, बाकीचं येईल त्या भावाला विकायचं. सांता अनिताच्या रेसकोर्सवर काही कुटुंबांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं.

आणि १९४३ मध्ये त्याच सरकारने याच समाजातल्या तरुणांना सैन्यात बोलावलं! ४४२ वी रेजिमेंट उभी राहिली. बरीच मुलं हवाई बेटांवरची होती, पण काटेरी कुंपणाच्या आतूनही काही जण स्वखुशीने भरती झाले. लेकाला निरोप देताना त्या आईला काय वाटलं असेल?

ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रान्समधल्या व्होज डोंगरात टेक्सासची एक बटालियन जर्मनांच्या वेढ्यात सापडली. ४४२ व्या रेजिमेंटने दाट जंगलातून, पावसाचिखलातून झुंजत २११ जणांना सोडवलं. त्यापायी त्यांचे स्वतःचे सुमारे ८०० जवान मेले किंवा जखमी झाले.

डॅनियल इनोये याच रेजिमेंटमधले. एप्रिल १९४५, इटली. पिन काढलेला हातबॉम्ब फेकायला त्यांनी उजवा हात मागे नेला, तेवढ्यात शत्रूचा बॉम्ब कोपरावर आदळला. हात लोंबकळू लागला, पण निर्जीव मुठीत स्वतःचा बॉम्ब तसाच आवळलेला. मदतीला धावणाऱ्यांना त्यांनी ओरडून मागे थांबवलं, डाव्या हाताने तो बॉम्ब मुठीतून ओढून काढला आणि शत्रूच्या मोर्चावर फेकला. सर्जन व्हायचं त्यांचं स्वप्न हातासोबत गेलं. पुढे जवळजवळ ५० वर्षं ते सिनेटर होते. सर्वोच्च शौर्यपदक मात्र मिळालं २००० साली.

या शौर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण हार्ट माउंटन छावणीतल्या तरुणांनाही विसरू नका. आधी आमचे नागरी हक्क परत द्या, मग लढायला येतो, असं म्हणून त्यांनी सक्तीची भरती नाकारली. १९४४ मध्ये त्यांच्यातल्या ६३ जणांना तुरुंगवास झाला. मला तेही तितकेच शूर वाटतात. आपल्याच देशात निष्ठा सिद्ध करायला कुणाला रक्त सांडावं लागावं, हाच मुळात अन्याय होता, आणि तो त्यांनी तोंडावर बोलून दाखवला.

१९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना माफी दिली. सरकारने स्वतः या समाजाची माफी मागायला १९८८ उजाडलं. छावणीतून गेलेल्या आणि तोवर हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर मंजूर झाले. ज्यांनी छावणीतून मुलांना रणांगणावर धाडलं, त्या आईवडिलांपैकी बहुतेकजण तोवर गेलेले होते.