रशियन माणूस गायीला ‘गाय’ का म्हणत नाही?

नमस्कार मंडळी! मॉस्कोतल्या मांसाच्या दुकानात गायबैलाच्या मांसाची पाटी असते: ‘गव्यादिना’. पुन्हा ऐका, ग-व्या-दिना. पंचगव्यातलं ‘गव्य’ आठवलं ना? बरोबर आठवलं. शेवटचे प्रत्यय वेगळे, पण मूळ तेच, संस्कृत ‘गो’चं आणि आपल्या ‘गाय’चं.

पण गोठ्यातल्या जिवंत गायीला रशियन माणूस म्हणतो ‘करोवा’. पोलिशमध्ये ‘क्रोवा’, चेकमध्ये ‘क्रावा’. सर्बियन आणि क्रोएशियनमध्ये ‘गोवेदो’ म्हणजे अजूनही गुरंढोरं. रशियनमध्ये मात्र जुना शब्द मांसापुरता उरला.

मग ‘करोवा’ आला कुठून? बहुतेक अभ्यासक सांगतात, अर्थ ‘शिंगवाली’. लॅटिनमधलं हरीण ‘केर्वुस’ त्याच मुळाचं, आणि आपलं ‘शिंग’सुद्धा! आता गंमत बघा. संस्कृतात जिथे ‘श’ येतो, तिथे स्लाव्ह भाषांत, म्हणजे रशियन, पोलिश, चेकच्या कुटुंबात, ‘स’ यायला हवा. शेजारच्या जुन्या प्रशियन भाषेत हरणाला ‘सिरविस’ म्हणत, तिथे ‘स’ आहेच. ‘करोवा’त मात्र ‘क’! म्हणून काहींना वाटतं, हा शब्द संस्कृत, लॅटिन, रशियन या सगळ्यांच्या इंडो-युरोपीय कुटुंबातल्या, ‘क’ टिकवलेल्या दुसऱ्या एखाद्या शाखेकडून उसना आला. वाद मिटलेला नाही, आणि मला तर या सगळ्या विषयात हाच एक ‘क’ सगळ्यात जास्त खुणावतो.

मेंढीचं उलट झालं. संस्कृत ‘अविका’, रशियन ‘अफ्त्सा’: सख्ख्या बहिणी. आपण बोलण्यातून ‘अवि’ घालवला, त्यांनी जपला. आणि घोडा? ‘अश्व’ दोघांच्याही रोजच्या बोलण्यातून गेला. आपण ‘घोडा’ म्हणतो, रशियन लोक ‘लोशद्’ म्हणतात. हा शब्द त्यांनी गवताळ मैदानांतल्या तुर्की भाषा बोलणाऱ्या घोडेस्वारांकडून घेतला.

रशियनमध्ये गुरांना एकत्रितपणे ‘स्कोत’ म्हणतात. हा शब्द बहुधा जर्मानिक भाषांतून, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुटुंबातून आला, आणि त्यातल्याच जुन्या गॉथिक भाषेत त्याच्या भावंडाचा अर्थ पैसा! जुन्या रशियनमध्येही तसाच वापर होता. 1018 साली कीवचा राजा यारोस्लाव लढाईत हरून नोव्हगोरोद शहरात पळाला. भाडोत्री सैनिक आणायला तिथल्या लोकांनी वर्गणी काढली. बखरकार लिहितो, ‘स्कोत’ गोळा केला, माणशी चार ‘कुना’. गुरं नव्हेत, रोख पैसे! आणि ही ‘कुना’ म्हणजे मुळात मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका जंगली प्राण्याची मऊ केसाळ कातडी.