काचेचं दार: नजर अडवा, उजेड अडवू नका

राम राम मंडळी.

[मागे बैठकीचं सरकतं काचेचं दार]

हे दार बघा. दोन पल्ले, ॲल्युमिनियमचं सेक्शन, 5 एमएमची साधी काच. आपल्या वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या गावांत स्लॅबचं नवं घर उभं राहिलं की बैठकीला असं दार येतंच. जुन्या घरात आधी सपरी म्हणजे ओसरी, मग बैठक, मग माजघर. आत उजेड कमी होता, पण बाईमाणसाला दुपारी निवांत पाय लांब करून पडता येत होतं. नव्या घरात उजेड आला आणि तो आडोसा गेला. या घरच्या काकू मला म्हणाल्या, "बाप्पा, दार लावलं तवापासून बैठकीत बसून तूर निवडाचीबी सोय नाही राह्यली. रस्त्यावरून सगळं दिसते."

मग घरोघरी एकच उपाय होतो. जाड पडदा. आणि तो एकदा लागला की दिवसभर उघडत नाही. दुपारी बारा वाजता बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत बल्ब लावून बसलेली माणसं. मला हे बघवत नाही. काच उजेडासाठी लावली होती. तो उजेड ठेवूनच हा प्रश्न सोडवायचा आहे.

लोक मला सरळ विचारतात, भाऊ, काचेवर चिकटवायची कोणती फिल्म घेऊ? थांबा. आधी दाराबाहेर जा. रस्त्यावर, शेजाऱ्याच्या अंगणात, हापशीजवळ, जिथून माणसं तुमच्याकडे बघतात तिथे उभे राहा आणि घरातल्या कोणाला तरी आत बसायला, उभं राहायला, चालायला सांगा. कोण बघतं, कुठून बघतं आणि कोणत्या वेळी बघतं, एवढं कळलं की अर्धा खर्च वाचतो.

कारण नजर आडवी येते आणि उजेड वरून, आभाळातून येतो. सात फुटांच्या दारातला वरचा दीड-दोन फुटांचा पट्टा खोलीत सगळ्यात खोलवर उजेड पोचवतो, आणि त्या पट्ट्यातून रस्त्यावरच्या माणसाला फार तर तुमचा पंखा दिसतो. तो पट्टा झाकायचं सहसा काही कारण नाही.

आता आपल्या घरांना जोतं असतं, हे लक्षात घ्या. समजा जोतं दोन फूट आहे. रस्त्याने चालणाऱ्याचे डोळे जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे तुमच्या फरशीपासून फक्त तीन फुटांवर. तो दारापासून दहा फुटांवर असेल आणि तुम्ही काच साडेचार फुटांपर्यंत झाकली, तर त्याची नजर काचेच्या वरून तिरपी वर चढते. आत पाच फुटांवर उभ्या सव्वापाच फूट उंचीच्या माणसाचं डोकंही त्याला दिसत नाही, छत दिसतं. म्हणजे अशा घराला साडेचार फुटांची फिल्म पुरते.

पण रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात ना? ट्रॅक्टरवर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून सात फुटांच्या आसपास. एसटीच्या खिडकीतला प्रवासीही साधारण तसाच उंच. घर डांबरी रस्त्याला लागून असेल तर फिल्म सहा फुटांपर्यंत न्या. आणि शेजारच्याची गच्ची तुमच्या दारावर येत असेल तर हे गणितच उलटं होतं. तिथे नजर वरून येते, म्हणून वरचा पट्टाही धुरकट करावा लागतो. वर धुरकटच करा, काळा करू नका.

[बाहेरून दार दाखवणे, मग आत परत]

आता आरसा फिल्म. दुकानदार सगळ्यात आधी हीच दाखवतो. बाहेरून आरसा, आतून सगळं दिसतं. दिवसा खरंच तसं होतं. पण कशामुळे, ते ऐका. आरसा फिल्मला दिशा कळत नाही. जिकडे जास्त उजेड, तिकडून ती आरसा दिसते आणि कमी उजेडाच्या बाजूने आरपार दिसतं. दिवसा बाहेर उजेड जास्त, म्हणून तुम्ही झाकलेले. संध्याकाळी सात वाजता दिवे लावले, बाहेर अंधार पडला, की तुम्हाला काचेत स्वतःचं तोंड दिसतं आणि रस्त्यावरच्याला तुमचं अख्खं घर. तुम्हाला वाटतं आपण झाकलेले आहोत, म्हणून तुम्ही निर्धास्त वावरता. आडोसा नसलेला परवडला, खोटा आडोसा परवडत नाही. शिवाय चिमण्या, बुलबुल या काचेतल्या आपल्याच प्रतिबिंबाला दुसरा पक्षी समजून चोची मारत बसतात. घराच्या दाराला मी ही फिल्म सुचवत नाही.

मी सुचवतो ती दुधी फिल्म. बाजारात फ्रॉस्टेड म्हणून मागा. ही उजेड अडवण्यापेक्षा जास्त करून विखुरते. दारातून सरळ येणारा उन्हाचा झोत मोडतो आणि खोलीभर सारखा पसरतो, म्हणून खोली बऱ्याचदा आधीपेक्षा डोळ्याला सुखाची वाटते. दिवस असो की रात्र, आरपार दिसत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: काचेला खेटून उभं राहिलं की आकृती ओळखू येते, तीन-चार फूट मागे सरकलं की नुसता धूसर रंग उरतो. रात्री दिवा तुमच्या मागे आणि तुम्ही काचेजवळ, तर सावली स्पष्ट पडते. त्यामुळे बैठकीचा दिवा समोरच्या भिंतीवर ठेवण्यापेक्षा दाराच्याच वरच्या भिंतीवर घेतला, तर सावली काचेवर न पडता आत पडते. न्हाणीघराच्या किंवा कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला हे नक्की बघा.

दुधी फिल्म दोन तऱ्हेची. एक गोंदाची, एक बिनगोंदाची. बिनगोंदाची नुसत्या पाण्याने काचेला चिकटते, काढून परत लावता येते. भाड्याच्या घरात तीच घ्या. गोंदाची जास्त टिकते. दोन्ही चौरस फुटावर मिळतात आणि दोन्ही घरी लावता येतात, मिस्त्री लागत नाही. पण आपल्या भागात लावताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि त्या कुठल्या पाकिटावर लिहिलेल्या नसतात.

पहिली गोष्ट वेळ. एप्रिल-मे महिन्यात दुपारी काचेला हात लावून बघा, हात टिकत नाही. त्या काचेवर पाणी मारलं की लगेच वाळतं, फिल्म सरकवायला वेळच मिळत नाही, आणि गोंद जिथे लागला तिथेच धरतो. पहाटे लावा, ऊन दारावर यायच्या आधी.

दुसरी गोष्ट धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाची तुसं घरात सतत उडत असतात, आणि एक कण खाली राहिला तरी त्याच्याभोवती फुगा दिसतो. पंखा बंद करा, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, मग काच साबणाच्या पाण्याने धुवा. रंगाचे, सिमेंटचे शिंतोडे ओल्या काचेवरच पात्याने खरवडा.

तिसरी गोष्ट पाणी. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि शाम्पूचे चार-पाच थेंब, एवढंच लागतं. पण अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे तिथे, बोअरचं पाणी वापरलं तर ते वाळल्यावर मागे पांढरे डाग सोडतं. इतरत्रही जड पाण्याचा हाच अनुभव. त्यासाठी कॅनचं आरओचं पाणी वापरा. एका दाराला दोन लिटर पुष्कळ.

[फिल्म लावून दाखवणे]

आता बघा. फिल्म मापापेक्षा इंचभर मोठी कापली. काच चिंब ओली. मागचा कागद वरून थोडा सोडवला, गोंदाच्या बाजूवरही पाणी मारलं. वर टेकवली, सरळ केली, अजून सरकते आहे बघा. आता रबरी पात्याने मधून कडेकडे पाणी बाहेर काढायचं. मधून कडेकडे, उलट नाही, नाहीतर पाणी आतच अडकतं. कडेला चौकटीपासून दोन एमएम जागा सोडून ब्लेडने कापायची. फिल्म चौकटीच्या रबरात खुपसली की तिथूनच ती उचकटते. बारीक फुगे राहिले तर घाबरू नका, ते पाण्याचे आहेत, काही दिवसांत वाळतात. मोठा फुगा मात्र आत्ताच काढा. आणि फिल्म नेहमी आतल्या बाजूने लावा, बाहेर ऊन-पाऊस तिला लवकर खातो.

काच नक्षीची असेल, म्हणजे पिनहेड वगैरे, तर खडबडीत बाजूला फिल्म धरत नाही. नक्षी रुळाने एकाच बाजूला उठवलेली असते, दुसरी बाजू गुळगुळीत असते. तिथे लावा. पण पिनहेड असेल तर मुळात फिल्म लागते का, ते आधी रात्री दिवे लावून बाहेरून बघा.

ज्यांना सध्या पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी घरातला उपाय. खळ. कॉर्नफ्लोअर किंवा मैद्याची पातळ खळ शिजवा, काचेवर ब्रशने लावा, त्यावर जुन्या पातळ सुती लुगड्याचा किंवा मलमलीचा तुकडा बसवा, वरून पुन्हा खळ. वाळल्यावर कापड काचेला घट्ट बसतं, उजेड सुंदर गाळून येतो, आणि नको झालं की ओल्या फडक्याने निघतं, काचेला काही होत नाही. अडचण पावसाळ्याची आहे. ओल धरली की बुरशी येते आणि झुरळांना खळ आवडते. त्यासाठी पुस्तकं बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालत आले आहेत. संत्र्याच्या झाडाला बोर्डोचा बुरशीनाशक लेप लावणाऱ्या वरुड-मोर्शीकडच्या घरात मोरचूद असतोच. पण तो विषारी आहे. घरात रांगतं, चाटणारं पोर असेल तर घालू नका, त्यापेक्षा पावसाळ्याआधी कापड काढून टाका.

काचेवर चुना मात्र मारू नका. तात्पुरता म्हणून मारतात आणि महिनोन् महिने तसाच राहतो. चुना, सिमेंट काचेला खातात, नंतर धुतलं तरी डाग उरतात. आणि ॲसिडने काच घरी धुरकट करायचे व्हिडिओ बघून कोणी ते आणू नका. त्यातलं फ्लोराइडचं रसायन कातडीतून आत हाडापर्यंत जातं. हे काम कारखान्याचं आहे.

आता पश्चिमेचं दार. इथे जरा वेळ देतो, कारण विदर्भात हा प्रश्न नुसत्या नजरेचा नाही. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर सूर्य खाली येतो आणि थेट दारातून आत घुसतो. पारा 45 च्या पुढे. दुधी फिल्मने नजर अडते, पण उष्णता बऱ्यापैकी आतच येते. मग लोक काळी फिल्म लावतात. ती ऊन स्वतःत शोषते आणि काच तापवते. मधली काच तापून पसरते, पण ॲल्युमिनियमच्या खाचेत दडलेली कड तुलनेने थंड राहते. त्या ओढाताणीत कडेच्या एखाद्या बारीक टवक्यापासून साधी काच तडकते, कोणी हात न लावता. अर्ध्या दारावर सावली, अर्ध्यावर ऊन असेल तर धोका आणखी वाढतो.

तिथे खरा उपाय काचेच्या बाहेर आहे. बांबूची तट्टी किंवा चिक, म्हणजे बांबूच्या बारीक काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, दारापासून फूटभर पुढे, पडवीच्या कडेला. ऊन काचेवर यायच्या आधीच अडतं. दिवसा फटींतून बाहेरचं अंगण तुम्हाला दिसतं, पण उन्हातून बघणाऱ्याला आतलं दिसत नाही. सहानंतर गुंडाळून वर. मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया हे आपले बांबूचे पट्टे. धारणी तालुक्यातल्या लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र असेल, चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू केंद्र असेल, कसब आपल्याकडेच आहे. आणि तुमच्या गावात किंवा आठवडी बाजारात बुरड बसतो, त्याला दाराचं माप द्या. काड्या जवळजवळ घ्यायला सांगा, पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू मागा, त्याला कीड कमी लागते. तोच सूप विणणारा हात तुमच्या दाराचा पडदा विणतो. प्लास्टिकच्या पडद्याऐवजी ते पैसे त्याच्याकडे गेले तर मला मनापासून बरं वाटेल.

दार दक्षिणेचं असेल तर काळजी हिवाळ्याची, पण ते ऊन हवंहवंसं असतं, दुधी फिल्म पुरे. उत्तरेला तर नुसती फिल्मच.

वीज दिली की पारदर्शक होणाऱ्या काचेबद्दल काही जणांनी विचारलं होतं. वीज गेली की ती आपोआप दुधी होते, म्हणजे भारनियमनात आडोसा जात नाही, हे खरं. पण ती फार महाग आहे, गावातल्या घराला मी सांगणार नाही.

ज्यांचं घर अजून बांधून व्हायचं आहे त्यांनी मात्र फॅब्रिकेशनवाल्याला आत्ताच गाठा. फिल्मची भानगडच नको, दाराचा खालचा भाग दुधी काचेचा आणि वरचा साध्या काचेचा, मधे एक आडवी पट्टी, असं एकाच दारात होतं. धुरकट काच खडबडीत असते ती बाजू आत ठेवायला सांगा, बाहेर ठेवली तर पावसाने भिजल्यावर ती बरीचशी आरपार दिसायला लागते. आणि दारासाठी टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच घ्या. फुटली तर तिचे मोठे सुरे होत नाहीत, बोथट दाणे होतात. पोरं पळतात, दार उघडं समजून धडकतात. फक्त टफन्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून चौकट बसल्यावर माप घ्या, कुलपाची आणि मुठीची जागा कागदावर काढून द्या, आणि मगच ऑर्डर जाऊ द्या.

पुढच्या वेळी पश्चिमेच्या खिडक्या आणि कूलर कुठे बसवायचा, हा विषय घेऊ. राम राम.