चौदा वर्षांचा रोलांदो आणि त्याचा काळा झगा

नमस्कार मंडळी! १० एप्रिल १९४५. उत्तर इटलीतलं सान व्हालेंतिनो हे खेडं. चौदा वर्षांचा रोलांदो रिव्ही पुस्तकं घेऊन घराजवळच्या झाडीत अभ्यासाला गेला, तो परतलाच नाही. आईवडील शोधायला गेले, तर जमिनीवर पुस्तकं पडलेली आणि एक चिठ्ठी: ‘त्याला शोधू नका. तो जरा वेळ आम्हा पार्टिझानांबरोबर येतोय.’

रोलांदो अकराव्या वर्षी, १९४२ मध्ये, मारोलाच्या सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, दाखल झाला होता. फादर व्हायचं, हे त्याचं पक्कं. १९४४ मध्ये जर्मन सैन्यामुळे सेमिनरी बंद पडली, मुलं घरी गेली. रोलांदोने अंगावरचा, फादर घालतात तसा काळा झगा मात्र सोडला नाही. त्या भागात फादरांवर हल्ले होत होते. घरचे काकुळतीला येऊन सांगायचे, बाळा, काढून ठेव. तो म्हणायचा, मी येशूचा आहे, त्याची ही खूण आहे.

पार्टिझान म्हणजे नाझी आणि फॅसिस्टांविरुद्ध लढणारे सशस्त्र गट. त्यांत कॅथलिकही होते, हे विसरून चालणार नाही. रोलांदोला नेलं ते कम्युनिस्ट गटाने. हेर असल्याचा आळ घेतला, झगा उतरवला, मारहाण केली आणि १३ एप्रिलला मोंकिओजवळच्या रानात गोळ्या घातल्या. त्या झग्याचा बोळा करून चेंडूसारखा लाथाडला. वडील आणि एक फादर माग काढत पोचले, तेव्हा मृतदेहच हाती लागला. पुढच्या तीन आठवड्यांत इटलीतलं युद्ध संपलं!

आता मुद्द्याचं. युद्धात असंख्य निरपराध मेले, मग हाच रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेला, कसा? चर्च इथे एक गोष्ट कसून तपासतं: मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष होता का? माझ्या मते लाथाडलेला तो झगाच याचं उत्तर देतो. मार्च २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याचं रक्तसाक्षित्व मान्य केलं. संतपदाआधीची पायरी म्हणजे ‘ब्लेसेड’. रक्तसाक्षीला या पायरीवर चमत्काराची अट नसते, म्हणून ५ ऑक्टोबर २०१३ रोजी मोदेनात तो ‘ब्लेसेड’ घोषित झाला. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सियाही रक्तसाक्षीच. १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर मरण, १६२७ मध्ये ब्लेसेड आणि संतपद थेट १८६२ मध्ये.

२०१८ मध्ये रोलांदोला मारणाऱ्यांपैकी एकाच्या मुलीने सान व्हालेंतिनोत येऊन रिव्ही कुटुंबाची क्षमा मागितली. हे मला फार मोठं वाटतं.

संतपदाची पायरी अजून बाकी आहे. त्यासाठी ब्लेसेड झाल्यानंतर घडलेला एक चमत्कार चर्चने तपासून मान्य करावा लागतो. रोलांदोचा स्मृतिदिन असतो २९ मे रोजी.