काठावरचं रील: दोरी सोडायची तयारी

मित्रहो, स्पिनिंग रॉड आता आपल्याकडे नवलाचा राहिलेला नाही. माजलगावला, येलदरीला, इथे नांदेडजवळ विष्णुपुरीच्या फुगवट्यावर सुट्टीच्या दिवशी चक्कर मारली तर बांबूच्या काठीशेजारी रील लावलेला एखादा रॉड दिसतोच. बहुतेकांनी तो घेतलेला असतो मरळीसाठी. रबरी बेडूक फेकायचा, ओढायचा, पुन्हा फेकायचा. मग कधीतरी त्याच रॉडला कणकेचा गोळा लावून माणूस रोहू-मृगळासाठी बसतो आणि तक्रारी सुरू होतात. गोळा हवेतच सुटून पडतो, दोरीला पीळ पडतो, मासा लागतो आणि तोडून जातो. एखाद्याचा तर रॉडच पाण्यात ओढला जातो.

यात रीलचा दोष फार कमी असतो. बेडूक ओढताना रीलचं काम दोरी गोळा करण्याचं असतं, आणि रॉड सतत तुमच्या हातात असतो. आमिष टाकून बसलात की रॉड बेचक्यावर आणि तुम्ही सावलीला. तेव्हा मासा पळाला तर पहिल्या काही क्षणांत दोरी द्यायचं काम एकट्या रीलला करावं लागतं. आज मी जे सांगणार आहे ते सगळं एवढ्याचसाठी आहे: रील दोरी सोडायला तयार कसं ठेवायचं.

आधी दोरी. मरळीसाठी भरलेली बारीक ब्रेडेड लाइन (धागे विणून केलेली दोरी) आमिषाच्या मासेमारीला मला पटत नाही. ती ताणत नाही, त्यामुळे माशाचा प्रत्येक झटका थेट गळावर जातो. शिवाय आपले काठ काळ्या पाषाणाचे. कातळाच्या धारेवर ताणलेली ब्रेडेड लाइन घासली की एका क्षणात जाते. साधी नायलॉनची, आपण तंगूस म्हणतो ती, 0.30 ते 0.35 मिलिमीटर जाडीची घ्या. ती ताणते आणि घासणंही जास्त सोसते. 4000 आकाराचं रील असेल तर उत्तम (आकडा मोठा तितकं रील मोठं). 2500 असेल तर स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या भागावर, किती मीटर मावते ते त्याच्या कडेला छापलेलं असतं, ते वाचा. स्पूल कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली राहील इतकं भरा. कमी भरलं की दोरी कडेला घासत निघते आणि फेक आखडते, जास्त भरलं की वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. भरताना ओल्या फडक्यातून दोरी दाबून घ्या, म्हणजे ती घट्ट बसते.

आता ड्रॅग, म्हणजे स्पूलच्या डोक्यावरची चकती. किती ओढीला दोरी सुटावी ते ती ठरवते. ती अंदाजाने पिळू नका. ताणकाटा दोरीला बांधा, रॉड वाकवा आणि काट्यावर किती किलोला दोरी निघते ते बघा. दोरी जितक्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढ्यावर ड्रॅग सुटला पाहिजे. सहा किलोची दोरी असेल तर दीड ते दोन किलो. लोक सगळा घट्ट आवळतात, कारण मासा आपल्या ताब्यात हवा असं वाटतं. पण आठ किलोचा कटला पाठ फिरवून निघाला तर आवळलेल्या ड्रॅगपुढे गाठ तुटते, नाहीतर गळ सरळ होतो.

मात्र झुंजीसाठी लावलेला हा ड्रॅगही वाट बघत बसण्यासाठी जड आहे. मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) आमिष तोंडात घेऊन सरकतो तेव्हा त्याला दीड किलोचा अडथळा लागला तर तो थुंकतो. थुंकला नाही, तर रॉड ओढून नेतो. ‘बेटरनर’ जातीच्या रीलला यासाठी मागे एक वेगळी कळ असते. ती दाबली की स्पूल हलक्या, दुसऱ्या ड्रॅगवर मोकळा फिरतो आणि हँडल फिरवलं की मुख्य ड्रॅग लागतो. सोय उत्तम आहे, पण तेवढ्यासाठी नवं रील घ्यायची गरज नाही. साध्या रीलवर दोन वाटा आहेत.

पहिली: ड्रॅग इतका सैल करा की वाऱ्याने दोरी निघणार नाही, पण बोटाने ओढली की निघेल. मासा पळाला की तळहाताने स्पूलची कड दाबा, रॉड उचला आणि मग ड्रॅगचे फेरे आवळा. सैल ते झुंज हे अंतर तुमच्या रीलवर किती फेऱ्यांचं आहे ते घरीच मोजून ठेवा. अंधारात, घाईत ते मोजता येत नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते, आणि तिला एका रबरबँडपलीकडे काही लागत नाही. रीलच्या थोडं वर, रॉडच्या मुठीवर रबरबँड दोनदा गुंडाळा. आमिष टाकलं, शिसं तळाला बसलं, दोरीतली ढील काढली की बेल, म्हणजे स्पूलसमोरची तारेची कडी, उघडा. दोरीची बोटभर घडी करा आणि ती रबराखाली नुसती खोचा, आरपार ओढू नका. रबर दोरी धरून ठेवतो, म्हणून वाऱ्याला ती सुटत नाही. माशाने ओढलं की घडी निसटते आणि उघड्या बेलमुळे दोरी स्पूलवरून फुकट वाहते. माशाला ओझं जाणवत नाही आणि रॉड जागेवर राहतो. मग तुम्ही रॉड हातात घ्यायचा, बेल हाताने बंद करायची, दोरी ताणली जाईपर्यंत थांबायचं आणि उचलायचं. वारा जोराचा असेल तर रबराचा आणखी एक वेढा द्या. रॉडच्या टोकाला घुंगरू बांधलंत तर डोळे लावून बसावं लागत नाही.

बेल हाताने बंद करा, हे मी मुद्दाम सांगतो. हँडल फिरवून खटकन बंद केली की स्पूलवर सैल वेढा राहतो, आणि पुढच्या फेकीला तोच गुंता होऊन बाहेर येतो. पिळाचं त्याहून मोठं कारण वेगळं आहे. मासा दोरी ओढत असताना, ड्रॅग सुटत असताना लोक हँडल फिरवत राहतात. रीलचं प्रमाण 5.2:1 असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला रोटर, म्हणजे स्पूलभोवती दोरी गुंडाळणारा भाग, पाच वेळा, थोडा जास्तच, फिरतो. दोरी आत येत नाही, पण प्रत्येक फेऱ्याचा पीळ तिच्यात जातो. दहा फेरे म्हणजे बावन्न पीळ. मासा ओढतोय तोवर हात थांबवा. तो थांबला की रॉड उचला, खाली नेताना गुंडाळा. पीळ पडलाच असेल तर कालव्याला पाणी सुटलेलं असताना गळ-शिसं काढून नुसती दोरी वाहत्या पाण्यात लांब सोडा. ती आपोआप उलगडते.

मांडणी साधी ठेवा. मुख्य दोरीत भोकाचं शिसं, त्याखाली मणी, मग फिरकी (गोल फिरणारी जोडकडी), आणि फिरकीला वीतभर ते हातभर बारीक दोरी व गळ. शिसं सरकतं राहिलं पाहिजे, नाहीतर वरची सगळी तयारी वाया. मासा दोरीऐवजी शिसं ओढत बसतो. बारीक दोरी मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीची ठेवा. कातळात अडकलं तर तेवढीच तुटते. मृगळ, सायप्रिनस आणि शिंगाडा मासा तळाला चरतात, त्यांना हे जमतं. कटला वरच्या थरातला, त्याला तरंडा लावा.

आता फेक. मरळीचा सहा-सात फुटी ताठ रॉड झटक्याने फेकतो आणि मऊ गोळा गळावरून उडवतो. नऊ-दहा फुटी, जरा लवचीक रॉड बरा. तो नसेल तर आहे त्याच रॉडने, दोरी थोडी लांब सोडून, सावकाश झोका देऊन फेका. भुईमुगाची पेंड कणकेत मळताना पाणी बेताने घाला. बोटाला चिकटतो तो गोळा फेकीला टिकत नाही.

कुठे फेकायचं, याचं उत्तर मे महिन्यात मिळतं. 2016च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ती वेळ पुन्हा कोणावर न येवो. पण दर उन्हाळ्यात पाणी काही ना काही मागे हटतंच. तेव्हा उघड्या पडलेल्या काठावरून चाला. जुन्या बांधाची दगडी ओळ, बुडालेली विहीर, बाभळीची खोडं, ओढ्याची जुनी वाट नजरेत भरून घ्या, काठावरच्या एखाद्या झाडाशी त्यांची सरळ रेघ जुळवून ठेवा. पाणी चढलं की मासे त्याच बांधाच्या कडेने फिरतात, आणि कुठे शिसं अडकेल तेही तुम्हाला ठाऊक असतं.

बसण्याआधी विचारा. आपले बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तिथे भोई मंडळींच्या पोटाचा प्रश्न आहे. जायकवाडीचा जलाशय तर 1986पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय गळ काढूच नका. आणि तुटलेली दोरी काठावर टाकून येऊ नका, हात जोडून सांगतो. नायलॉन कुजत नाही. बगळ्याच्या, चित्रबलाकाच्या पायाला ती गुंडाळली की तो पक्षी उपाशी मरतो. खिशात एक डबी ठेवा आणि दुसऱ्याची टाकलेलीही त्यात भरा.

बाहेरच्या टेबलावर दोन साधी रिलं, रबरबँड आणि ताणकाटा मांडून ठेवलाय. प्रत्येकाने एकदा ड्रॅग लावून बघा, दोन किलो म्हणजे नेमकं किती ते हाताला कळू द्या. तुमचं रील सोबत आणलं असेल तर तेही आणा, त्यावरच लावू.