एकाच शिरेतून जाणारी औषधे

सकाळचे साडेसात वाजले आहेत. परळमधील या रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया सुरू होण्यास अजून अवकाश आहे. तोवर बधिरीकरण विभागातील निवासी डॉक्टर दिवसाची औषधे सिरिंजमध्ये भरून प्रत्येकीवर नाव आणि मात्रेची पट्टी चिकटवत आहेत.

ट्रेमधील कुपीत दिसणारी ही फिकट पिवळी भुकटी म्हणजे थायोपेंटोन. 500 मिलिग्रॅमच्या या कुपीत 20 मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडले की 2.5 टक्क्यांचे द्रावण तयार होते. 1934 पासून भूल देण्यासाठी वापरात असलेले हे औषध पाण्यात विरघळलेले राहते, ते केवळ द्रावण तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) 10 ते 11 असतो. शेजारच्या सिरिंजमधील व्हेक्युरोनियम हे स्नायू शिथिल करणारे औषध मात्र आम्लधर्मी आहे, सामू सुमारे 4.

आता या काचेच्या नळीकडे पाहा. थायोपेंटोनमध्ये व्हेक्युरोनियमचे थेंब पडताच नितळ द्रावण गढूळ होते आणि पाहता पाहता पांढरा साका धरतो. सामू खाली आल्यावर थायोपेंटोनचे न विरघळणारे आम्लरूप वेगळे होते. रुग्णाच्या शिरेत हेच घडले तर सुई तुंबते, पुढचे औषध पोहोचत नाही आणि कण फुप्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकू शकतात.

म्हणून थ्री-वेवरील (शिरेच्या नळीला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीवरील) हाताची ही हालचाल नीट पाहण्यासारखी आहे: थायोपेंटोन दिले, सलाइन सोडून नळी धुतली आणि मगच व्हेक्युरोनियमची सिरिंज जोडली. घाईच्या वेळी हीच पायरी गाळण्याचा मोह होतो. ती तेव्हाही गाळता कामा नये.

प्रोपोफॉल या भुलेच्या दुसऱ्या औषधाची गोष्ट अधिक फसवी आहे. सोयाबीन तेलाचे अतिसूक्ष्म थेंब अंड्यातील लेसिथिनच्या साहाय्याने पाण्यात तरंगत ठेवलेले हे औषध मुळातच दुधासारखे पांढरे असते. टोचताना होणारी आग कमी व्हावी म्हणून त्यात लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध मिसळले की तेलाचे थेंब हळूहळू एकत्र येऊन मोठे होऊ लागतात, पण डोळ्यांना बराच वेळ काहीच कळत नाही. येथे म्हणूनच हे मिश्रण आधी भरून ठेवत नाहीत, अगदी देण्याच्या वेळी करतात.

कोणते औषध कशाबरोबर चालत नाही, याचा तक्ता भुलेच्या प्रत्येक ट्रॉलीवर हवा. येथे तो वरच्या खणालाच चिकटवलेला आहे. रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखे शिरेतून द्यायचे क्षारयुक्त द्रावण) आणि सेफ्ट्रिआक्सोन ही त्यातील ओळ लाल शाईने लिहिली आहे, कारण रिंगर लॅक्टेटमधील कॅल्शियमशी या प्रतिजैविकाचा साका होतो, आणि शस्त्रक्रियागृहात ही दोन्ही जवळजवळ रोज लागतात.