साइट उघडत नाहीये? आधी एरर वाचा! | डेव्हऑप्स आणि क्लाउड करिअर, खान्देशातल्या मुला-मुलींसाठी

राम राम मंडळी! मागच्या व्हिडिओखाली चोपड्याहून, पाचोऱ्याहून, शिरपूरहून, शहाद्याहून एकच मागणी येतेय, "ताई, डेव्हऑप्सचा रोडमॅप सांगा." म्हणून आज बोलूच.

रोडमॅप आधी उरकून टाकते, कारण तो कुठेही मिळतो. लिनक्स, नेटवर्किंग, गिट, थोडं बॅश आणि पायथॉन, कुठलंही एक क्लाउड (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर), डॉकर (ॲपला कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं टूल), मग कोड आपोआप तपासून पुढे पाठवणारं जेनकिन्स किंवा गिटहब ॲक्शन्स, मग सर्व्हर कोड लिहून उभे करणारं टेराफॉर्म आणि सगळ्यात शेवटी असे पुष्कळ कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिस. झाला रोडमॅप. डेव्हऑप्स म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगते. कोड लिहिणारे वेगळे, सर्व्हर सांभाळणारे वेगळे आणि बिघडलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार, हा प्रकार थांबवायची ही पद्धत. 2009 साली बेल्जियममधल्या गेंट शहरात पहिलं डेव्हऑप्सडेज संमेलन भरलं आणि तिथून हे नाव पसरलं. पुढे चला.

"ताई, एडब्ल्यूएस की ॲझ्युर की गुगल?" हा प्रश्न तर रोज येतो. म्हणजे ॲमेझॉनचं, मायक्रोसॉफ्टचं की गुगलचं क्लाउड. कुठलंही एक घ्या, पण नीट घ्या. एडब्ल्यूएसवर भाड्याच्या सर्व्हरला म्हणतात ईसी2, तेच ॲझ्युरवर व्हर्च्युअल मशीन आणि गुगलवर कॉम्प्युट इंजिन. एकावर हात बसला की दुसरं जड जात नाही. इथे दोन-दोन महिने घालवू नका.

आता मुद्द्याचं बोलते. मी ऑफिसमध्ये मुलाखतींच्या पॅनलवर बसते. रेझ्युमेवर टूल्सची ही लांबलचक यादी असते. मी एक साधा प्रश्न विचारते: "ईसी2 सर्व्हरवर पायथॉनचं छोटं ॲप चालू केलंय, पोर्ट 5000 (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं ठराविक नंबरचं दार). सर्व्हरवर चालतंय. तुझ्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही. काय करशील?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, रीस्टार्ट करीन." रीस्टार्ट करून काय होणार? मी पुढे विचारते, "एरर काय आली असेल?" आणि तिथे समोरचा गप्प होतो. कुबरनेटिसवर भरभर बोलणारी मुलं एरर काय आली हे सांगू शकत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण ही मुलं हुशार असतात, त्यांना कोणी हे शिकवलेलंच नसतं.

(स्क्रीनवर टर्मिनल)

हे बघा. लॅपटॉपवरून कर्ल कमांडने, म्हणजे ब्राउझरशिवाय टर्मिनलमधूनच रिक्वेस्ट पाठवणाऱ्या कमांडने, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट टाकला. कर्सर नुसता लुकलुकतोय आणि बऱ्याच वेळाने येतं "कनेक्शन टाइम्ड आउट". बहुतेक वेळा याचा अर्थ असा की आपलं पॅकेट, म्हणजे पाठवलेला डेटाचा तुकडा, वाटेत कोणीतरी गिळला आणि उत्तरच आलं नाही. पहिला संशय सिक्युरिटी ग्रुपवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या सर्व्हरपुढच्या फायरवॉलवर, घ्यायचा. तो नको असलेलं पॅकेट मुकाट टाकून देतो, "नाही" असंही कळवत नाही. इनबाउंडमध्ये, म्हणजे आत येणाऱ्यांच्या नियमांत, 5000 उघडा.

उघडला. पुन्हा कर्ल. आता लगेच उत्तर आलं, "कनेक्शन रिफ्यूज्ड". पुष्कळ जण इथे वैतागतात, "ताई, अजून चालतच नाही!" अहो, चालत नसलं तरी तुम्ही पुढे आलात! आता पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचलं आणि सर्व्हरच सांगतोय की या पत्त्यावर, या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. दोन्ही एरर म्हणजे "उघडत नाही" असं धरलंत, तर तुम्ही पुन्हा सिक्युरिटी ग्रुपच उकरत बसाल आणि तिथे काहीच सापडणार नाही.

मग ॲप तर चालू आहे, ते ऐकत का नाही? कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते दाखवणारी एसएस कमांड सर्व्हरवर मारा. समोर दिसतं 127.0.0.1 आणि पुढे 5000. या आकड्याकडे नीट बघा. ॲप फक्त त्याच सर्व्हरच्या आतून आलेलं ऐकतंय. आपलं ॲप फ्लास्कवर, म्हणजे पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवर आहे, आणि फ्लास्क काही न सांगता चालू केलं तर असंच बसतं. त्याला 0.0.0.0 वर बसवा, म्हणजे बाहेरून आलेलंही ऐकेल. डॉकरमध्ये हीच गोष्ट आणखी छळते, कारण कंटेनरच्या आतलं 127.0.0.1 म्हणजे तो कंटेनर, तुमचा सर्व्हर नव्हे. पोर्ट मॅपिंग (सर्व्हरचं पोर्ट कंटेनरच्या पोर्टला जोडणं) बरोबर असूनही ॲप उघडत नाही, ते बरेचदा यामुळे.

आपल्याकडे केळीच्या बागेत ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी आलं नाही तर कोणी सगळी नळी उपटत नाही. पंप बघतो, फिल्टर बघतो, व्हॉल्व्ह बघतो, पाणी कुठपर्यंत आलंय ते बघतो. रावेर-यावलच्या पोरांना हे मी शिकवायची गरजच नाही, त्यांना येतं. इथे फक्त पाण्याऐवजी रिक्वेस्ट धरा.

नोकरीत हेच लागतं. रात्री दोनला ऑन-कॉलचा फोन वाजतो, ग्राहकांना "502 बॅड गेटवे" दिसतंय. 502 म्हणजे ॲपच्या पुढे उभा राहून रिक्वेस्ट मागे पाठवणारा एनजीनएक्स किंवा लोड बॅलन्सर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत रिक्वेस्ट पोचतेय, पण मागच्या ॲपकडून त्याला धड उत्तर मिळत नाहीये. म्हणजे डीएनएसकडे (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी व्यवस्था) जाऊच नका, सरळ मागे जा. सर्व्हिसची स्थिती बघा, लॉग वाचा, डिस्क भरली का ते बघा. ज्याला एरर वाचता येते तो तासाभराची शोधाशोध वाचवतो आणि टीम त्याच्यावर भरवसा टाकते.

कमेंटमध्ये एकाने लिहिलंय, "एआय एरर वाचून सांगतं, आम्ही कशाला शिकायचं?" भाऊ, वापर ना, मीही वापरते. पण त्याला "साइट उघडत नाही" एवढंच सांगितलंस तर ते दहा शक्यता देईल. "टाइमआउट जाऊन रिफ्यूज्ड आलं" असं सांगितलंस तर नेमकं बोलेल. तो फरक तुलाच दिसला पाहिजे.

आता एका गोष्टीवर मला राग आहे आणि तो मी बोलून दाखवणार. "प्लेसमेंटची शंभर टक्के हमी, फ्रेशरला दोन वर्षांचा अनुभव दाखवून देऊ" असं सांगणारे क्लासेस. जळगाव-भुसावळहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जाऊन पोरं तिथे फी भरतात, घरच्यांनी कपाशीचे पैसे काढून दिलेले असतात. खोटा अनुभव लावू नका! कंपन्या पडताळणी करतात, पीएफ खात्याच्या यूएएन नंबरवरून आधी कुठे नोकरी होती ते निघतं. नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनीही काढून टाकतात.

त्यापेक्षा खरं काय ते ऐका. फ्रेशरला थेट "डेव्हऑप्स इंजिनिअर" म्हणून घेणाऱ्या जागा कमी असतात. लिनक्स सपोर्ट, क्लाउड सपोर्ट, नेटवर्क मॉनिटरिंग, बिल्ड-रिलीज अशा दारांतून आत या. शिफ्ट असते, पगार सुरुवातीला बेताचा असतो, पण रोज खऱ्या एरर बघायला मिळतात. बीसीए, बीएससीवाल्यांनी कमीपणा मानू नये, अशा कामात तुमची पदवी आड येत नाही.

सर्टिफिकेट? सीव्ही निवडला जायला मदत होते. कुबरनेटिसची सीकेए परीक्षा मला आवडते, कारण दोन तास टर्मिनलवर खरंच काम करावं लागतं. पण ती नंतर.

आणि बिल! क्लाउडचं खातं उघडल्या दिवशी रूट म्हणजे मुख्य खात्याला एमएफए (पासवर्डसोबत दुसरी खात्री) लावा आणि बजेट अलर्ट लावा. एनएटी गेटवे (खासगी सर्व्हरना इंटरनेटवर जायचा रस्ता) चालू ठेवून झोपू नका, तो तासावर पैसे घेतो. 2024 पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4 पत्त्याचेही (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) तासावर पैसे लावतं, पत्ता वापरात असो वा पडून. ॲक्सेस की, म्हणजे खात्याची गुप्त किल्ली, गिटहबवर टाकाल तर ती शोधणारे बॉट टपलेलेच असतात. क्रेडिट कार्डच नाही म्हणणाऱ्यांनो, अडू नका. 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू टाका, डॉकर टाका, वर दाखवलेलं बरंचसं घरीच होतं. लाइट गेली तर पुन्हा चालू करायचाही सराव होतो, सिस्टिमडीमध्ये, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत, सर्व्हिस आपोआप उठते का ते बघा.

आता या आठवड्यात करायचं ते सांगते. ॲप चालू करा आणि मुद्दाम बिघडवा. आधी फायरवॉलमध्ये पोर्टवर ड्रॉपचा नियम टाका. मग तो काढून ॲपला 127.0.0.1 वर बसवा. मग पुढे एनजीनएक्स लावा आणि मागचं ॲप बंद करा. तिन्ही वेळा कर्लने काय म्हटलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, अक्षरं वाचता येत नाहीत. एररचा मजकूर जसाच्या तसा कॉपी करा, मी प्रत्येकाला उत्तर देते. आयएएमच्या परवानग्या, म्हणजे एडब्ल्यूएस खात्यात कोणाला काय करता येईल ते, रविवारी घेऊ, त्यावरचे प्रश्न आत्ताच टाकून ठेवा.